विश्लेषण : रेझ्युमे गेटवर द्यायचा, मेलने पाठवायचा की पोर्टलवर भरायचा?

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत सकाळी फेरी मारली, तर एखाद्या कारखान्याच्या गेटवर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद घेऊन उभा असलेला आयटीआयचा मुलगा दिसतोच. त्याच वेळी त्याची इंजिनीअर झालेली बहीण घरी बसून पुण्यातल्या कंपनीच्या पोर्टलवर तीच माहिती तिसऱ्यांदा भरत असते. मामाच्या मुलाला तर ‘रेझ्युमे व्हॉट्सॲप कर, साहेबांना पाठवतो’ असा निरोप आलेला असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत असेच चित्र आहे. तिघांची शिक्षणे वेगळी, पगाराच्या अपेक्षा वेगळ्या. अडचण मात्र एकच. रेझ्युमे तयार आहे, पण तो द्यायचा कसा? या साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर आज अर्ज वाचला जाणार की नाही, आपली माहिती कुणाच्या हाती पडणार आणि कधी कधी खिशातले पैसे जाणार की राहणार, हेही ठरते.

हा प्रश्न आताच का?

पूर्वी दोनच रस्ते होते. वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून टपालाने अर्ज करायचा, नाहीतर ओळखीच्या माणसाला घेऊन थेट जाऊन भेटायचे. आता रस्ते वाढले आहेत. कंपनीचे स्वतःचे पोर्टल, नोकरीची संकेतस्थळे आणि ॲप, ईमेल, व्हॉट्सॲप, क्यूआर कोड, गुगल फॉर्म, कॉलेजमधील कॅम्पस भरती, सरकारी पोर्टल आणि रोजगार मेळावा. रस्ते वाढले, तसा प्रत्येक रस्त्याचा नियमही वेगळा झाला.

कोल्हापुरात हा गुंता जास्त जाणवतो, कारण इथला रोजगारच अनेक थरांचा आहे. शिवाजी उद्यमनगरातील दोन-चार लेथचे वर्कशॉप, शिरोली व गोकुळ शिरगावच्या फौंड्री आणि मशीन शॉप, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतील मोठे कारखाने, इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीचा चांदी उद्योग, साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था, रुग्णालये असे सारे एका जिल्ह्यात आहे. दुसरीकडे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कोल्हापूर, सांगली व सातारा या तिन्ही जिल्ह्यांतून दरवर्षी पदवीधर बाहेर पडतात आणि त्यांच्यातले अनेक जण पुणे-मुंबई-बंगळूरुकडे पाहतात. उद्यमनगरात मालक स्वतः कागद हातात घेतो. पुण्यातल्या मोठ्या कंपनीत तोच कागद आधी सॉफ्टवेअर वाचते. दोन्हीकडे एकाच पद्धतीने गेलेला उमेदवार एका ठिकाणी तरी अडकतो.

रेझ्युमे समोर कोण उघडते?

रेझ्युमे कसा पाठवायचा हे ठरवताना बहुतेक जण स्वतःच्या सोयीपासून सुरुवात करतात. मोबाइलवर काय सोपे, सायबर कॅफेवाला काय करून देतो, मित्राने काय केले, यावर ठरते. खरे तर सुरुवात दुसऱ्या टोकापासून करायला हवी. आपला कागद तिथे सर्वात आधी कोण उघडणार?

ढोबळमानाने तीन शक्यता आहेत. पहिली, माणूस. म्हणजे मालक, सुपरवायझर, टाइम ऑफिसमधील कर्मचारी किंवा एचआर अधिकारी. दुसरी, सॉफ्टवेअर. अर्जातली माहिती ते वेगवेगळ्या रकान्यांत साठवते आणि शोध घेतला की समोर आणते. तिसरी, सरकारी नमुना. इथे आपल्या रेझ्युमेची मांडणी कुणी पाहत नाही. ठरलेल्या रकान्यात ठरलेली माहिती आणि पुराव्याचे प्रमाणपत्र, एवढेच तपासले जाते. माणसाला ओळख आणि नेमकेपणा हवा असतो, सॉफ्टवेअरला साधी मांडणी आणि नेमके शब्द, तर सरकारी नमुन्याला कागदपत्रांशी तंतोतंत जुळणी.

गेटवर दिलेला रेझ्युमे वाचला जातो का?

लहान आणि मध्यम कारखान्यांत वाचला जातो, पण सुरुवात गेटवर होते हे लक्षात ठेवून तो द्यावा लागतो. वॉचमन कागद घेतो, टाइम ऑफिसकडे देतो आणि तिथे त्याचा गठ्ठा होतो. जागा निघाली की गठ्ठा चाळला जातो. चाळणाऱ्याकडे वेळ थोडा असतो. ‘ध्येय : नामांकित कंपनीत काम करून स्वतःचा व कंपनीचा विकास साधणे’ अशा ओळीत त्याला काहीच सापडत नाही. ‘टर्नर, आयटीआय पूर्ण, सीएनसी लेथवर दीड वर्ष, ड्रॉइंग वाचता येते, शिफ्ट चालेल, राहणार हातकणंगले’ यातला प्रत्येक शब्द त्याच्या कामाचा असतो.

फौंड्रीत तर हे आणखी लागू पडते. मोल्डिंग, कोअर शॉप, मेल्टिंग, फेटलिंग, पॅटर्न, क्वालिटी अशा विभागांची कामे वेगवेगळी आहेत. ‘फौंड्रीचा अनुभव’ एवढेच लिहिणाऱ्यापेक्षा आपण कोणत्या विभागात, कोणत्या यंत्रावर उभे होतो हे लिहिणारा आधी बोलावला जाण्याची शक्यता जास्त. वर्कशॉपमध्ये तर रेझ्युमे हा केवळ आत जाण्याचा पास ठरतो. पुढची परीक्षा यंत्रासमोर असते. जॉब काढून दाखवला की बोलणे सुरू होते.

गेटवर देताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. कागद एकच पान असावा आणि मोबाइल क्रमांक वरच्या बाजूला ठळक असावा. मूळ प्रमाणपत्रे मात्र कधीही देऊन येऊ नयेत. मूळ मार्कशीट ‘जमा’ करून घेण्याची मागणी झाली, तर ती नाकारण्यात गैर काही नाही. दाखवायला मूळ आणि ठेवायला झेरॉक्स, हाच व्यवहार योग्य.

शिकाऊ उमेदवारीची वाट मात्र केवळ गेटवरून जात नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे आणि ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. त्यासाठी उमेदवाराची केंद्राच्या पोर्टलवर नोंदणी आणि आस्थापनेशी करार लागतो. आयटीआय झालेल्याने गेटवर जाण्याआधी ही नोंदणी करून ठेवली, तर कारखान्याचे कामही सोपे होते. नोंदणीच नसेल, तर जागा असूनही करार अडून राहू शकतो.

ईमेल की व्हॉट्सॲप?

जाहिरातीत जे लिहिले आहे ते. हे उत्तर फारच साधे वाटेल, पण चुका इथेच होतात. ‘ईमेलवर अर्ज पाठवा’ असे लिहिले असताना दिलेल्या फोन क्रमांकावर व्हॉट्सॲप करणारे आणि ‘फोन करू नये’ असे छापलेले असताना फोन करणारे उमेदवार आपली पहिली छाप स्वतःच बिघडवतात. सूचना पाळता येते का, याची ती नकळत झालेली परीक्षाच असते.

ईमेलचा फायदा म्हणजे नोंद राहते. कधी पाठवला, कुणाला पाठवला, काय जोडले हे महिन्यानंतरही दाखवता येते. विषयाच्या ओळीत पदाचे नाव आणि आपले नाव असावे. मजकुरात चार-पाच ओळी पुरतात : कोणत्या जागेसाठी, ती कुठे पाहिली, आपल्याकडे त्या कामाचे काय आहे, कधीपासून रुजू होता येईल. मजकूर कोरा ठेवून नुसती फाइल जोडणे म्हणजे टपालाच्या पाकिटावर पत्ताच न लिहिण्यासारखे. फाइलचे नावही महत्त्वाचे. ‘न्यू रेझ्युमे फायनल २’ या नावाच्या डझनभर फाइल एचआरच्या संगणकात आधीच पडलेल्या असतात. नाव आणि पद असलेली फाइल शोधता येते.

फाइल कोणती, याला कोल्हापूरसारख्या ठिकाणी एक खास कारण आहे. अनेक रेझ्युमे डीटीपी किंवा झेरॉक्सच्या दुकानात टाइप होतात. मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. वर्ड फाइल मोबाइलवर उघडली की रकाने सरकतात, दुसऱ्या पानावर एकच ओळ जाते. पीडीएफ फाइलमध्ये फॉन्ट आणि मांडणी सहसा जशीच्या तशी राहते. म्हणून माणसाला पाठवायचा रेझ्युमे पीडीएफमध्ये, आणि मराठी असेल तर तो युनिकोडमध्येच टाइप करून घ्यावा. कागदाचा मोबाइलने काढलेला फोटो हा शेवटचा पर्याय. तो वाचायला त्रास होतो आणि त्यातला मजकूर शोधातही येत नाही.

व्हॉट्सॲप वेगवान आहे, पण तिथे रेझ्युमे चॅटच्या ढिगात हरवतो आणि पुढे ढकलायला एक बोट पुरते. म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवायचाच असेल, तर पाठवणाऱ्या क्रमांकाची खात्री करावी आणि त्या प्रतीत घरचा पूर्ण पत्ता, जन्मतारीख, आधार क्रमांक असे काही ठेवू नये. तालुका आणि फोन क्रमांक एवढे पुरते.

पोर्टलवर यंत्र नेमके काय वाचते?

मोठ्या कंपन्या अर्ज हाताळण्यासाठी ‘ॲप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टीम’ वापरतात. हे सॉफ्टवेअर रेझ्युमेतला मजकूर वेगळा काढते आणि नाव, फोन, शिक्षण, अनुभव, कौशल्ये अशा रकान्यांत टाकते. नंतर भरती अधिकारी त्या साठ्यात शब्द टाकून शोध घेतो. ‘बहुतांश रेझ्युमे यंत्र परस्पर फेकून देते’ असे ऐकायला मिळते. प्रत्यक्षात अर्ज मागे पडण्याची कारणे बहुधा साधी असतात. एक, फॉर्ममधील बाद करणारे प्रश्न : अनुभव किती वर्षे, पदवी आहे का, त्या शहरात राहायला तयार आहात का. दुसरे, रेझ्युमेतला मजकूर यंत्राला नीट वाचताच आला नाही. तिसरे, भरती अधिकाऱ्याने शोधलेला शब्द रेझ्युमेत नव्हता.

दुसऱ्या कारणावर उमेदवाराचा थेट ताबा आहे. दोन रकान्यांची आकर्षक मांडणी, चौकटी, तक्ते, कौशल्य दाखवणारे चांदण्यांचे आलेख, पानाच्या अगदी वरच्या पट्टीत लिहिलेला फोन क्रमांक, चित्र म्हणून चिकटवलेला मजकूर, या सगळ्यात यंत्र गोंधळू शकते. गेटवर देखणा दिसणारा रेझ्युमे पोर्टलवर अर्धा वाचला जातो, तो असा. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. पीडीएफ उघडून सगळा मजकूर निवडा, कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जे आणि ज्या क्रमाने दिसेल, साधारण तेच यंत्राला दिसते. काहीच पेस्ट झाले नाही, तर तो मजकूर म्हणजे नुसते चित्र आहे.

तिसऱ्या कारणासाठी जाहिरात नीट वाचावी. जाहिरातीत ‘क्वालिटी इन्स्पेक्शन’ म्हटले असेल आणि रेझ्युमेत ‘चेकिंगचे काम’ लिहिले असेल, तर अनुभव तोच असूनही शोधात तो येणार नाही. खरा अनुभव जाहिरातीतल्या शब्दांत लिहिणे हा प्रामाणिक मार्ग आहे. पांढऱ्या अक्षरात न दिसणारे शब्द पेरण्याच्या युक्त्या मात्र अंगलट येतात. यंत्राने वाचलेला तो मजकूर भरती अधिकाऱ्यालाही दिसतो.

महाराष्ट्रात नावाचाही एक पेच आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव. आधारवर क्रम वेगळा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींच्या पदवीवर तिसरेच. पोर्टल ‘पहिले नाव, आडनाव’ असे स्वतंत्र विचारते. पडताळणीच्या टप्प्यावर यामुळे रखडपट्टी होते. पोर्टलवर दहावीच्या प्रमाणपत्रातील स्पेलिंग वापरावे आणि नाव बदलले असेल तर त्याचा पुरावा हाताशी ठेवावा.

सरकारी नोकरीत आणि योजनांत रेझ्युमे चालतो का?

बहुतेक ठिकाणी नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोग असो वा इतर सरकारी भरती, ऑनलाइन अर्ज हाच अर्ज. तिथे फोटो आणि सही ठरलेल्या मापात व ठरलेल्या केबीमध्ये लागते, जातीचे व नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र विहित तारखेचे लागते. सुंदर शब्दांनी इथे काहीच साधत नाही. चुकीचा रकाना किंवा मुदत संपलेले प्रमाणपत्र मात्र उमेदवारी घालवू शकते. शेवटच्या दिवशी रात्री सायबर कॅफेत बसणे ही यातली सर्वात महागडी सवय. अर्ज भरल्यावर त्याची प्रत आणि शुल्काची पावती स्वतःच्या ईमेलवर ठेवावी. फॉर्म दुसऱ्याने भरून दिला, तरी लॉगिन आणि पासवर्ड आपल्याच हातात हवा.

राज्याच्या कौशल्य विकास विभागाचे महास्वयं पोर्टल आणि केंद्राचे २०१५ मध्ये सुरू झालेले नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल इथेही तोच नियम आहे. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. तिची नोंदणीही पोर्टलवरूनच झाली. अशा ठिकाणी नोंदणी अर्धवट ठेवली, तर उमेदवार यादीत दिसतच नाही. रोजगार मेळाव्यात मात्र पोर्टल आणि कागद दोन्ही लागतात : आधी ऑनलाइन नोंदणी, मग प्रत्यक्ष टेबलावर एक पानाच्या सात-आठ प्रती.

ओळखीने दिलेला रेझ्युमे म्हणजे वशिला का?

दोन्हींत फरक आहे. कारखान्यातल्या कामगाराने ‘हा मुलगा माझ्याबरोबर काम करत होता, हाताला चांगला आहे’ असे सांगणे ही शिफारस. मोठ्या कंपन्याही आपल्या कर्मचाऱ्यांकडून अशा शिफारशी मागतात. काम न पाहता नाते पाहून शब्द टाकणे हा वशिला. पैसे घेऊन शब्द टाकणे हा तर सरळ गैरव्यवहार.

ओळखीने रेझ्युमे देताना दोन काळज्या पुरेशा आहेत. ओळखीच्या माणसाला पद आणि विभाग नेमका सांगावा. ‘कुठेही लावा’ असे सांगितले की तो कागद कुठेच लागत नाही. आणि ओळखीबरोबरच जाहिरातीतल्या अधिकृत मार्गानेही अर्ज करावा. अनेक कंपन्यांत पोर्टलवर नोंद नसलेल्या उमेदवाराला मुलाखतीला बोलावताच येत नाही, मग शिफारस कितीही वजनदार असो.

पण ओळखीच्या वाटेला एक मर्यादा आहे. ज्यांच्या घरात, गावात, नात्यात कुणी कारखान्यात नाही, त्यांच्यासाठी ही वाटच बंद असते. पहिल्या पिढीच्या पदवीधरांना म्हणूनच उघड जाहिरात आणि उघड अर्जपद्धती यांची गरज सर्वात जास्त असते.

‘बायोडाटा’त काय लिहू नये?

मराठीत ‘बायोडाटा’ हा शब्द लग्नासाठी आणि नोकरीसाठी एकच वापरला जातो. दोन्ही कागद अनेकदा एकाच दुकानात, एकाच नमुन्यावरून तयार होतात. परिणाम असा, की नोकरीच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय, जात, धर्म, वैवाहिक स्थिती, कधी कधी उंची आणि रंगही उतरतो. खासगी नोकरीसाठी यातले काहीही लागत नाही. आरक्षित सरकारी पदासाठी जातीची माहिती लागते. ती ठरलेल्या रकान्यात, प्रमाणपत्रासह द्यायची असते.

हा केवळ टापटिपीचा मुद्दा नाही. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना प्रतिसाद म्हणून सारख्याच पात्रतेचे, फक्त नावे वेगळी असलेले अर्ज पाठवून एक अभ्यास केला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय हिंदू वाटणाऱ्या नावाच्या तुलनेत दलित वाटणाऱ्या नावाच्या अर्जदाराला पुढच्या टप्प्यासाठी बोलावले जाण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश, तर मुस्लीम नावाच्या अर्जदाराची सुमारे एक तृतीयांश निघाली. कागदावर नावाखेरीज काहीच वेगळे नव्हते. नाव लपवता येत नाही आणि लपवायची गरजही असू नये. पण जात-धर्माचा स्वतंत्र रकाना आपल्या हाताने भरून देण्याचेही कारण नाही.

कोल्हापुरात या मुद्द्याला इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानातील रिक्त होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. त्यातली कमी चर्चिली गेलेली बाब अशी, की नेमणुकांची तिमाही माहिती खातेप्रमुखांनी सादर करावी, असेही त्यात सांगितले होते. हुकूम काढून तो थांबला नाही. भरती प्रत्यक्षात कुणाची झाली याचा हिशेब त्याने मागितला.

एआयने हा हिशेब सोपा झाला की अवघड?

अवघड झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून उमेदवार रेझ्युमे एआयकडून लिहून घेतात आणि कंपन्या चाळणीसाठीही एआयची मदत घेतात. ॲमेझॉनने तयार केलेले असे एक साधन महिलांच्या अर्जांना कमी लेखत असल्याने सोडून दिल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. जुन्या, बहुतांश पुरुषांच्या अर्जांवरून ते शिकले होते. जुना पक्षपात यंत्राने नव्या वेगाने गिरवला.

जगात यावर नियम येऊ लागले आहेत. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून भरतीतील अशा स्वयंचलित साधनांची दरवर्षी पक्षपात-तपासणी करणे आणि उमेदवाराला आधी कळवणे बंधनकारक आहे. युरोपीय महासंघाच्या एआय कायद्याने भरतीतील एआयला ‘जास्त धोक्याच्या’ वर्गात टाकले आहे. भारतात भरतीतील एआयसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. वेतन संहितेत लिंगावरून भरतीत भेदभाव करण्यास मनाई आहे. खासगी भरतीतील सर्व प्रकारच्या भेदभावाला लागू होईल असा सर्वंकष कायदा मात्र नाही.

उमेदवाराने एआयचा वापर भाषा सुधारायला खुशाल करावा. पण न केलेले काम, न चालवलेले यंत्र त्यात शिरले, तर ते मुलाखतीत किंवा मशीनसमोर पहिल्या पाच मिनिटांत उघडे पडते. एआयने लिहिलेले प्रत्येक वाक्य ‘हे मी समोरासमोर सांगू शकतो का?’ या कसोटीवर तपासावे.

माहिती आणि पैसा कसा वाचवायचा?

रेझ्युमेत नाव, फोन, ईमेल, पत्ता, शिक्षण, जुन्या मालकाचे नाव असते. भामट्याला एवढे पुरते. तो फोन करतो, जुन्या कंपनीचा उल्लेख करतो, ‘तुमची निवड झाली आहे’ म्हणतो आणि नोंदणी, प्रशिक्षण, गणवेश, लॅपटॉपची अनामत अशा नावाखाली पैसे मागतो. खासगी नोकरीसाठी उमेदवाराकडून आधी पैसे मागितले गेले, की तिथेच थांबावे. ओटीपी, बँक खाते, पूर्ण आधार क्रमांक हे नियुक्ती निश्चित होण्याआधी देऊ नये. ओळखपत्र मागितलेच तर मास्क्ड आधार द्यावे. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. जितक्या लवकर, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त. परदेशी नोकरीचे आमिष असेल, तर एजंट केंद्राच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का हे पाहावे. नोंदणीकृत एजंटालाही सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही.

कंपन्यांवरही जबाबदारी येत आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी आणि काम संपल्यावर पुसावी, हे त्यामागचे तत्त्व. टाइम ऑफिसच्या कपाटातील जुने गठ्ठे आणि एचआरच्या मोबाइलमधील शेकडो पीडीएफ यांचाही विचार आता कारखान्यांना करावा लागेल.

मग निर्णय कसा घ्यावा?

एकच रेझ्युमे सगळीकडे न देता एकाच खऱ्या माहितीच्या तीन प्रती ठेवाव्यात. गेटसाठी आणि मेळाव्यासाठी एक पानाची छापील प्रत, ठळक फोन क्रमांकासह. ईमेलसाठी नीट नाव दिलेली पीडीएफ. पोर्टलसाठी एकाच रकान्याची, तक्ते-चित्रे नसलेली साधी प्रत. सरकारी अर्जासाठी रेझ्युमेऐवजी प्रमाणपत्रे, फोटो आणि सही यांचे स्वतंत्र फोल्डर. आणि एक साधी वही : कुठे, कधी, कोणत्या मार्गाने अर्ज केला आणि पुढे काय झाले. आठ-दहा दिवसांनी एकदा विचारणा करणे रास्त. रोज विचारणे त्रासाचे.

पण सगळा भार उमेदवारावर टाकून चालणार नाही. जाहिरातीत पद, पात्रता, पगाराचा पल्ला, अर्जाचा मार्ग आणि शेवटची तारीख स्पष्ट लिहिणे, अर्ज मिळाल्याची पोच देणे आणि निवड न झाल्यास एका ओळीत कळवणे, याला खर्च जवळपास येत नाही. गोशिमा, स्मॅक, कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन यांसारख्या उद्योजक संघटनांनी मनावर घेतले, तर जाहिरातीचा असा किमान नमुना सदस्य कारखान्यांसाठी ठरवणे अवघड नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या कामगार संहितांनुसार कामगाराला लेखी नियुक्तीपत्र देणे आवश्यक झाले आहे. नोकरीचा शेवटचा कागद असा बंधनकारक झाला. पहिल्या कागदाची साधी पोचही मिळत नाही.

‘कुशल माणसे मिळत नाहीत’ ही कारखानदारांची तक्रार आणि ‘अर्ज करूनही कुणी बोलावत नाही’ ही तरुणांची तक्रार कोल्हापुरात एकाच वेळी ऐकू येते. दोन्ही खऱ्या आहेत. या दोघांच्या मध्ये बऱ्याचदा चुकीच्या दारात पडलेला एक रेझ्युमे असतो. दार कोणते, ते उमेदवाराने ओळखायला हवे आणि कारखान्याने त्यावर पाटी लावायला हवी.